कुलूप भक्कम, पण पेटी कोणाची?

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कारभार ‘ब्लॉकचेन’वरील मतदानाने चालवावा, अशी एक कल्पना सध्या मोठ्या हौसेने मांडली जात आहे. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी गणिताने जखडलेली, तिच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या. एखादी कडी कोणी गुपचूप बदललीच, तर चोरी तात्काळ उघडकीस यावी! युक्ती नामी आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २०२१ च्या ऑक्टोबरात तेलंगणातील खम्मम येथे मोबाईलवरील मतदानाचा सरावही या तंत्राने झाला. मुकादमाच्या डोळ्यांदेखत मोबाईलवर दिलेले मत गुप्त कसे राहणार, हा प्रश्न मात्र कोणतीही साखळी सोडवीत नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न असा की, मत द्यायचे कोणी आणि ते पाळायचे कोणी? आपल्या अंधेरीचे सीप्झच घ्या. २००५ च्या कायद्याने अशा क्षेत्रावर जे प्राधिकरण बसवले, त्याचे अध्यक्ष विकास आयुक्त. बाकीचे केंद्राचे अधिकारी आणि केंद्रानेच नेमलेले, फार तर दोन, उद्योजक. कामगाराला तेथे जागा नाही. मतदारयादीच जेथे कोरी, तेथे ती साखळीत ओवली काय आणि सुतळीत बांधली काय!

ज्या पेणच्या गणेशमूर्ती गिरगाव-लालबागच्या घराघरांत बसतात, त्या पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी काय घडले, हे मुंबईकरांनी विसरू नये. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी काय, असे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांना सरकारनेच विचारले. प्रचंड बहुमताने उत्तर आले, ‘नाही!’ तो कौल ओळखायला कोणतेही गणित लागले नाही. परंतु तो पाळण्याचे बंधन सरकारवर नव्हते, कारण १८९४ च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्याच्या संमतीला स्थानच नव्हते. भूसंपादन पुढे बारगळले, ते कायद्याची मुदत उलटल्यामुळे. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट यायला २०१३ साल उजाडावे लागले.

दादर-परळच्या सुशिक्षित मतदाराने ही दूरची गोष्ट समजू नये. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिले. मतदानयंत्रे होती, मतदार होते. मत तेवढे कोणी मागितले नाही!

तेव्हा आधी २००५ च्या कायद्यात दुरुस्ती करा. प्राधिकरणावर कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्या, शेजारच्या वस्तीला तेथे आवाज द्या आणि त्यांचा ठराव आयुक्तांवर बंधनकारक करा. मग मोजणी साखळीने होवो की चिठ्ठ्यांनी, आमची हरकत नाही.