क्रोशाचे दागिने : विणणारीच्या हाती काय उरते?

क्रोशाची सुई नसलेले घर आपल्याकडे विरळाच. दाराचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल, बाळाचे टोपरे, नमाजाची जाळीची टोपी या साऱ्या वस्तू या एका सुईने घराघरांत विणल्या. आजी विणत होती, आई विणत होती. पण त्याला 'रिकाम्या वेळचे काम' असेच म्हटले गेले. आता त्याच सुईवर कानातले, गळ्यातले, बांगड्या आणि केसांतली फुले तयार होत आहेत. हळदी-मेहंदीच्या कार्यक्रमांत खऱ्या फुलांच्या दागिन्यांऐवजी दोऱ्याच्या फुलांचे दागिने घातले जातात. ते कोमेजत नाहीत, पुन्हा वापरता येतात आणि वजनाला हलके असतात. थोड्या भांडवलात घरी करता येण्याजोगा हा उद्योग आहे. मात्र त्यात उतरण्यापूर्वी विणकामाबरोबर हिशेबही शिकून घेणे जरुरीचे आहे.

सामान थोडे, पण पारखून घ्यावे

दागिन्यासाठी लोकर चालत नाही. तिचे तंतू सुटतात आणि आकार राहत नाही. चमक असलेला, पिळाचा मर्सराइज्ड सुती दोरा घ्यावा. २० नंबरच्या दोऱ्याला साधारण सव्वा मिलिमीटरची आणि १० नंबरच्या जाड दोऱ्याला दीड मिलिमीटरची पोलादी सुई चालते. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. रंग पक्का आहे की नाही, हे विकत घेतल्या दिवशीच पाहावे. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा. लाल आणि गर्द निळा रंग हमखास दगा देतात. घामाने गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग पडला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

मणी, कड्या आणि कानात अडकवायचे हूक मुंबईत भुलेश्वर व अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात, तर पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत घाऊक भावाने मिळतात. हुकांच्या बाबतीत काटकसर करू नये. स्वस्त मुलाम्यातील निकेलमुळे अनेकींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येते. चांगल्या स्टेनलेस स्टीलचा हूक दोन-चार रुपयांनी महाग पडला, तरी तोच वापरावा.

कामातील खुबी

ज्यांना साखळी, मुका खांब आणि खांब हे टाके येतात, त्यांना नवे फार थोडे शिकावे लागते. मण्यांचे काम असेल तर सारे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात आणि तेही उलट्या क्रमाने, कारण शेवटी ओवलेला मणी विणताना पहिल्यांदा हाती येतो. एक मणी चुकला की नक्षी पुढे सरकत जाते. म्हणून ओवण्यापूर्वी क्रम कागदावर मांडून घ्यावा.

कानातल्याचे दोन्ही नग एकाच बैठकीत विणावेत. सकाळी हात सैल असतो, रात्री दमल्यावर दोरा आवळला जातो. मग एक फूल मोठे आणि दुसरे लहान होते. प्रत्येक नमुन्याची टाक्यांची संख्या, दोऱ्याचा नंबर, सुईचे माप आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. पन्नास जोड्यांची मागणी आली की या वहीचे मोल कळते.

फूल ताठ राहावे म्हणून पूर्वी साखरेचा पाक किंवा खळ लावीत. रुमालाला ते ठीक होते. दागिन्याला पाकाने मुंग्या लागतात आणि खळीला पावसाळ्यात बुरशी येते. त्याऐवजी पांढरा पातळ डिंक (फेविकॉलसारखा) पाण्यात कालवून त्यात फूल बुडवावे, पिळून टाचण्यांनी आकारात ताणावे आणि सावलीत सुकू द्यावे.

दोऱ्याऐवजी धातूची बारीक तारही विणता येते. साधारण ३० गेजची तांब्याची तार क्रोशाच्या सुईवर चालते. अमेरिकेतील दागिने-कलावंत अर्लाइन फिश यांनी विणकामाच्या रीती धातूत कशा उतरवाव्यात यावर १९७५ साली पुस्तकच लिहिले. तार उसवली की तिच्यात बळ राहत नाही, म्हणून चुका दोऱ्यावर करून घ्याव्यात आणि मगच तार हाती धरावी.

नमुना आपला असावा

बाजारात एकाच फुलाचे कानातले दहा जणी आणतात आणि मग भाव पडतो. झुमका, चांदबाली, ठुशी, नथ हे आकार आपल्या डोळ्यांपुढे आहेतच; ते दोऱ्यात कसे उतरतील याचा विचार करावा. तुर्कस्तानातील बायका डोक्यावरच्या रुमालाच्या काठाला सुईने किंवा क्रोशाने इवलीशी फुले-फळे विणतात. या कामाला 'ओया' म्हणतात. या आकारांना तिथे भाषाच आहे. नवऱ्याशी बिनसले तर बाई मिरचीच्या आकाराची ओया लावी, असे सांगतात. रुमालाच्या काठावरची हीच फुले आता माळेत गुंफून गळ्यातले म्हणून इस्तंबूलच्या बाजारात विकली जातात. जुनी वस्तू कमी वापरली जाऊ लागली, तेव्हा तिथल्या हातांनी तीच कला नव्या जागी नेली. आपल्या तोरणाच्या आणि टोपीच्या जाळीतूनही असे नमुने निघू शकतात.

भावाचा हिशेब

सर्वात मोठी चूक होते ती भाव सांगताना. 'दोरा-मणी धरून तीस रुपये लागले, पन्नासला देते' असे सांगून भगिनी मोकळ्या होतात. वेळ जणू फुकटचाच असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जोडीला दोरा ४ रुपये, मणी ८, हूक व कड्या १० आणि कार्ड-पिशवी ८, असे ३० रुपये लागले. विणायला दीड तास लागला. तासाला ६० रुपये धरले, तर मजुरी ९० रुपये झाली. दोन्ही मिळून १२०. बिघडलेले नग, जाण्या-येण्याचे भाडे, वीज यांसाठी दहा टक्के म्हणजे १२ रुपये धरावेत. जोडी घरात १३२ रुपयांना पडली. त्यावर थोडा नफा ठेवून दुकानदाराला १५५ ते १६० रुपयांच्या खाली देता कामा नये. तो आपला नफा आणि जागेचे भाडे चढवून ती अडीचशेच्या आसपास विकील.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, एखादा व्यापारी सामान घरपोच देतो आणि जोडीमागे २५ रुपये मजुरी ठरवतो. बाहेर जायला नको, विकायला नको, म्हणून हे बरे वाटते. पण दीड तासाला २५ रुपये म्हणजे तासाला १७ रुपयेही पडत नाहीत. त्यातच नापसंत नगाची मजुरी कापली गेली, तर हाती काय उरले?

'एवढा भाव गिऱ्हाईक देत नाही' ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय मजुरी कापण्यात नाही, नमुना बदलण्यात आहे. चाळीस मिनिटांत होईल असे साधे, सुबक कानातले बसवले, तर मजुरी ४० आणि सामान ३० रुपये. दहा टक्के धरून ७७ रुपये होतात. ते ९०-९५ रुपयांना दुकानदाराला देता येते आणि तासाचे ६० रुपये शाबूत राहतात. दीड तासाचे नमुने हौशी गिऱ्हाइकासाठी आणि लग्नाच्या मागणीसाठी ठेवावेत.

नरसापूरचा धडा

हा हिशेब न मांडल्याने काय होते, याचे उदाहरण आंध्र प्रदेशात आहे. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाचे लेसकाम आणले. पुढे हा माल परदेशी जाऊ लागला आणि हजारो बायका घरात बसून विणू लागल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की फुले एक बाई विणते, ती दुसरी जोडते. मधे दलाल, वर निर्यातदार. आपण केलेले नग कुठे जातात आणि कितीला विकले जातात, हे विणणारीला ठाऊक नसते. बाईने बाहेर मजुरीला जाणे ज्या घरांत कमीपणाचे मानले जाई, तिथे हेच काम सोयीचे ठरले. दिवसाचे कितीतरी तास विणूनही त्यांना कामगार कोणी म्हणेना. त्या 'घरी बसलेल्या' बायकाच राहिल्या आणि त्यामुळे मजुरीही नावापुरती राहिली.

२०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नावाचा लाभ विणणाऱ्या हातापर्यंत पोचावा लागतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. खरे क्रोशाचे काम आजही हातानेच होते. यंत्रावर निघते ते त्याच्यासारखे दिसणारे निराळे विणकाम. म्हणजे जगात कुठेही क्रोशाचा नग विकला गेला, तरी तो कोणातरी माणसाच्या हातांनी टाका-टाका विणलेला असतो.

सुरुवात कशी करावी

एकटीने दुकानदारापुढे उभे राहण्यापेक्षा मोहल्ल्यातील पाच-दहा जणींनी बचत गट करून सामान एकत्र घ्यावे. घाऊक भाव मिळतो आणि 'यापेक्षा कमी नाही' हे सर्वांना मिळून सांगता येते. बचत गटांना महालक्ष्मी सरससारख्या सरकारी प्रदर्शनांत जागा मिळू शकते. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या किंवा 'माविम'च्या कार्यालयात चौकशी करावी. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ओळखपत्र दिले जाते, त्याचीही माहिती घ्यावी.

आणि एक छोटे काम आजच करावे. पुढचे कानातले विणायला बसताना घड्याळ पाहून वेळ लिहावी, उठतानाही लिहावी. आठवडाभर असे केले की आपल्या एका तासाला आपणच काय भाव देत होतो, ते कळेल. भाव सांगताना मग आवाज कापणार नाही.