सायकल, पांदण आणि बरोबर धावणारं कुत्रं



बंडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, बंडी आपणच ओढतो. ही म्हण आपण कुणाला टोमणा मारायचा असला की वापरतो. आज जरा त्या कुत्र्याकडेच बघू. ते बंडीखालूनच का चालायचं? तिथं सावली असायची म्हणून. बैलांची चाल माणसाच्या चालीएवढी, तासाला 3-4 किलोमीटर. पांदणीची माती पायाला मऊ. नाल्यावर बैल पाण्याला थांबले की कुत्रंही पाणी पिऊन घ्यायचं. आपल्या पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, लदेणीच्या बैलांबरोबरही कुत्री अशीच चालायची. तिकडे इंग्लंडात पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली डाल्मेशियन कुत्री घोड्याच्या बग्गीच्या मागच्या आसाखालून पळायला शिकवत. म्हणजे चाकाबरोबर चालणं ही कुत्र्याची जुनीच सवय आहे.

आता बंड्या कमी झाल्या आणि दारात सायकल आली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. आशाताई, पशुसखी, वावरात डबा नेणारी सून, कितीतरी जणी सायकलवर दिसतात. सायकल निघाली की घरचं कुत्रं मागे निघतंच. त्याच्या लेखी ती बंडीच आहे. पण सावली गेली, मातीच्या जागी डांबर आलं आणि वेग तिप्पट झाला.

हा विषय रेडिओवर बोलण्याएवढा मोठा आहे का, असं काहींना वाटेल. मुलगी एकदा कुत्र्यामुळे सायकलवरून पडली की घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गुडघा आठवड्यात बरा होतो, सायकल मात्र महिनोन् महिने भिंतीला टेकून राहते. मग शाळा बसच्या भरवशावर. आणि सुनसान पांदणीवरून एकटीनं जाताना तेच कुत्रं बरोबर असलं की जिवाला आधार वाटतो, हेही खरंच. म्हणून त्याला हाकलून लावायचं नाही, बरोबर धावायला शिकवायचं.

पहिली गोष्ट बाजूची. कुत्रं सायकलच्या डाव्या बाजूला हवं. आपल्याकडे गाड्या आपल्याला ओलांडून जातात त्या उजवीकडून. कुत्रं डावीकडे असलं म्हणजे गाडी आणि त्याच्यामध्ये आपण असतो. दुसरं असं की सायकलची चेन उजव्या बाजूला असते. डावीकडच्या कुत्र्याची शेपटी किंवा दोरी चेनमध्ये जायची भीती राहत नाही. आणि आपण सायकल हातात धरून चालतो तेव्हा बहुतेक जणी तिच्या डाव्या अंगालाच असतो, त्यामुळे शिकवायलाही तीच बाजू सोयीची.

शिकवायचं ते चालताना. पहिले चार-पाच दिवस सायकलवर बसूच नका. सायकल हातात धरून चाला, कुत्रं डावीकडे, खिशात भाकरीचे तुकडे. बाजूला नीट चाललं की तुकडा द्यायचा. चाकापुढे आलं की आपण जागीच थांबायचं. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. त्याला एवढंच कळू द्यायचं की पुढे आडवं आलं की प्रवास थांबतो. कुत्र्याला हे आपल्या पोरांपेक्षा लवकर समजतं! एकच शब्द ठरवा, ‘हळू’ म्हणा की ‘बाजूला’ म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. मग सपाट, रिकाम्या पांदणीवर शंभर-दोनशे पावलं सायकल चालवून बघा. रोज थोडं वाढवा. पंधरा-वीस दिवस गेले तरी घाई करू नका.

पडण्याचं मोठं कारण म्हणजे दोरी. हँडलला दोरी कधीही बांधू नका. कुत्र्यानं खारीमागे एक झटका मारला की हँडल वळतं आणि आपण तोंडावर. हाताला गुंडाळून घेणं त्याहून वाईट, मनगटच जातं. पांदणीवर शिकलेलं कुत्रं मोकळं धावलेलं चांगलं. दोरी लावायचीच असेल तर ती सीटखालच्या दांड्याला, जितकी खाली बांधता येईल तितकी खाली बांधा. तिथं ओढ बसली तर सायकल हलते, पण हँडल फिरत नाही. गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी. लांबी एवढीच की कुत्रं बाजूला मोकळं धावेल, पण पुढच्या चाकापर्यंत पोचणार नाही. गळ्याच्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा बरा, झटका गळ्याला बसत नाही. जुन्या गोधडीच्या रुंद पट्टीचा घरीच शिवता येतो. आपली ओढणी किंवा पदरही निघण्याआधी खोचून घ्या. आणि कुत्रं अचानक आडवं आलं तर नुसता पुढचा ब्रेक दाबू नका, आधी मागचा.

डांबरी रस्त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कुत्रं नकोच. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता असो की कळंब-यवतमाळ-आर्णीचा नागपूर-तुळजापूर रस्ता, तिथं ट्रकच्या हॉर्ननं माणूस दचकतो, कुत्र्याची काय कथा. अशा रस्त्यानं जायचं असेल त्या दिवशी निघण्याच्या अर्धा तास आधी कुत्रं घरी बांधा, पाणी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी लक्ष द्यायला सांगा. निघताना बांधलं तर ते दावं तोडायला बघतं.

वेग कुत्र्याचा धरायचा, आपला नाही. मध्यम बांध्याचं गावठी कुत्रं दुडक्या चालीनं तासाला दहा-बारा किलोमीटर आरामात धावतं. ते झेपा टाकायला लागलं, जीभ एका बाजूला लोंबायला लागली, मागे पडायला लागलं, की तुमचा वेग जास्त झाला. वर्षाच्या आतल्या पिल्लाला सायकलमागे धावू देऊ नका, त्याची हाडं अजून कोवळी असतात. गाभण, पाजती आणि म्हातारी कुत्रीही घरीच. पोटभर खाल्ल्यावर दोन तास तरी धावणं नको.

ऊन तर आपल्या जिल्ह्याचं काय सांगावं! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा तळपायांना येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. म्हणून माणसाला जे ऊन सोसतं ते धावत्या कुत्र्याला सोसत नाही. शिवाय मालकीण थांबत नाही तोवर ते थांबत नाही, पडेपर्यंत धावतं. एप्रिल-मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत काय ते. रस्ता तापलाय का हे बघायचं असेल तर हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सातपर्यंत मोजा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पायालाही सोसणार नाही. कुत्रं लडखडायला लागलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तर ते उन्हानं आहे. लगेच सावलीत घ्या, पोटावर, जांघेत आणि पायांवर साधं पाणी ओता, थोडं थोडं पाजा, आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. बर्फ लावू नका.

घाटंजी आणि पांढरकवडा तालुक्यांत टिपेश्वरच्या जंगलाकडेला राहणाऱ्या तायांना वेगळं सांगते. दिवस मावळल्यावर कुत्रं बरोबर नेऊ नका. बिबट्याचं ते आवडतं भक्ष्य. आणि मोकळं कुत्रं जनावरावर भुंकत धावून जातं, मग घाबरून पळत येतं ते आपल्याकडेच, मागे जनावर घेऊन.

दुसऱ्या गावातली कुत्री अंगावर आली तर? ती त्यांची हद्द राखतात. सायकल जोरात हाणली की त्यांना आणखी चेव येतो. उतरा. सायकल आपल्या आणि त्यांच्यामध्ये धरा. लाथ मारू नका, पळू नका. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी बरीचशी मागे सरतात. हद्द संपेपर्यंत चालतच जा. आपलं कुत्रं बरोबर असेल तर त्यांचं भांडण सोडवायला मध्ये हात घालू नका, चावे बहुतेक तेव्हाच बसतात.

चावा बसला, नुसतं खरचटलं, तरी लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवा. पंधरा म्हणजे पंधरा. हळद, चुना, तिखट काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती अजून कुणाकुणाच्या मनात आहे, ती केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शन दंडाला देतात. पहिलं गेल्या दिवशीच, मग 3, 7 आणि 28 दिवसांनी. काही ठिकाणी दंडाच्या स्नायूत देतात, तेव्हा तारखा थोड्या वेगळ्या असतात, कार्डावर लिहून देतात तसं करा. रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं औषध वेगळं असतं, ते मागून घ्या. एक इंजेक्शन घेऊन बरं वाटलं म्हणून थांबू नका. पिसाळल्याच्या रोगाची लक्षणं एकदा दिसली की वाचवणारं औषध नाही. वेळेवर पूर्ण लस घेतली तर माणूस वाचतो.

आपल्या कुत्र्यालाही तिसऱ्या महिन्यात लस, आणि पुढे दरवर्षी. एकेकीनं तालुक्याला नेण्यापेक्षा गटाच्या बैठकीत नावं घ्या, किती कुत्री आहेत ते मोजा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सगळ्यांसाठी एक दिवस मागा. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास विचारायला हरकत नाही. लस झाली की तारीख गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दर महिन्याला बचतीचा हिशेब लिहिताना ती नजरेला पडते.