हाडांची भूक

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या एखाद्या रुग्णाच्या हाताचे क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले, तर बोटांच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडील कडा पुष्कळदा सलग न दिसता झिजून खडबडीत झालेली दिसते; आणि या झिजेची सूत्रे हाडात नसून गळ्यात, अवटु ग्रंथीच्या पाठीशी दडलेल्या मसुराएवढ्या चार परावटु ग्रंथींच्या हाती असतात.

निरोगी मूत्रपिंड रक्तातील जादा फॉस्फेट बाहेर टाकते आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देते. ही दोन्ही कामे खोळंबली, की रक्तातील कॅल्शियम उतरू लागते, आणि ते सावरण्यासाठी परावटु ग्रंथी आपले संप्रेरक अधिकाधिक प्रमाणात सोडू लागतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम ज्या अस्थिरूपी खजिन्यात जमा असते, त्याच्यावर वसुलीचे हुकूम असे अहोरात्र सुटत राहतात; कालांतराने ग्रंथी स्वतःच फुगतात आणि मग रक्तात कॅल्शियम पुरेसे असले, तरी हुकूम मागे घेत नाहीत. अस्थिभक्षक पेशी हाड पोखरतात, अस्थिजनक पेशी घाईघाईने वेडेवाकडे, कच्चे हाड रचतात, आणि मज्जेच्या जागी तंतुमय ऊतक माजते.

परावटु ग्रंथींच्या अतिरेकानेच हाडे खंगतात, हे शस्त्रक्रियेने प्रथम सिद्ध केले व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल यांनी, १९२५ साली. त्यांचा रुग्ण एक ट्राम कंडक्टर होता आणि त्याचा विकार मूळ ग्रंथीचाच होता, मूत्रपिंडाचा नव्हे. ग्रंथी वाढते ती हाडांच्या संरक्षणासाठी, अशी त्या काळची प्रबळ समजूत असल्याने मांडल यांनी आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला, परक्या ग्रंथीचे रोपणही केले. गुण आला नाही, तेव्हा प्रचलित मताच्या नेमके उलट जाऊन त्यांनी ग्रंथीची गाठच काढून टाकली, आणि रुग्णाची हाडे भरू लागली. स्वतःचे गृहीत रुग्णाच्या शय्येपाशी मोडून टाकण्याचे हे धैर्य मला शस्त्रकौशल्याहूनही थोर वाटते.

मूत्रपिंडविकारात औषधांनी ग्रंथी आवरेनाशा झाल्या, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. या संप्रेरकाचे रक्तातील आयुष्य अवघ्या काही मिनिटांचे असल्याने, ग्रंथी काढल्यावर त्याची पातळी कोसळलेली शस्त्रक्रियागृहातच मोजता येते. खरी कसोटी मात्र पुढच्या काही दिवसांत लागते. अस्थिभक्षक पेशींचे काम थंडावते, पण अस्थिजनक पेशींचे चालूच राहते. इतकी वर्षे कच्चा राहिलेला सांगाडा रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम भराभर शोषून घेतो, आणि ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके, प्रसंगी हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा, अशी लक्षणे उद्भवतात. वैद्यक या अवस्थेला ‘भुकेले हाड’ म्हणते. शिरेवाटे कॅल्शियम, तोंडाने कॅल्शियम व कार्यक्षम ड जीवनसत्त्व, आणि रक्ताची पुनःपुन्हा तपासणी, असा चोख बंदोबस्त असेल, तरच रुग्ण हा काळ सुखरूप ओलांडतो. त्यानंतर मात्र अस्थिवेदना ओसरतात, तंतुमय ऊतक मागे हटते आणि मणक्यांची व खुब्याची घनता वाढत जाते.

तथापि संप्रेरक पार नाहीसे झाले, तर हाड झिजत नाही तसे नवेही घडत नाही. अशा हाडाची परीक्षा मोठी मनोहर आहे: रुग्णाला काही दिवसांच्या अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन देऊन कमरेच्या हाडाचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात पाहिला, तर जिवंत घडण चालू असलेल्या हाडात पिवळसर चकाकणाऱ्या दोन रेषा उमटतात आणि त्यांच्यातील अंतरावरून घडणीचा वेग कळतो, निश्चल हाडात त्या क्वचितच दिसतात. असे हाड आपल्या सूक्ष्म भेगा बुजवू शकत नाही, आणि त्यात सामावून न घेतलेले कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचण्याचा धोका असतो. म्हणूनच शल्यचिकित्सक एक तर अर्धी ग्रंथी जागच्या जागी राखतात, किंवा चारही काढून त्यांतील काही तुकडे हाताच्या पुढल्या भागातील स्नायूंत रोवतात. पुढे ते तुकडे माजलेच, तर गळा पुन्हा न उघडता, तेवढीच जागा बधिर करून ते काढून घेता येतात.