ट्रकच्या चाकाचा नट किती आवळायचा? ‘कट्’ आवाज येईपर्यंत!

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून निघालेला ट्रक मुंबई-नाशिक महामार्गावर धावतो, तेव्हा त्याचं प्रत्येक चाक मोजक्या नटांच्या भरवशावर असतं. नट आवळला की बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. हा ताणच चाक हबवर दाबून धरतो. तो कमी पडला तर नट सैल होतो. जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि पुढे तुटू शकतो.

हवेच्या गनने नट नेमका किती घट्ट बसला, हे हाताला कळत नाही. म्हणून शेवटची आवळणी टॉर्क रेंचने करायची. ‘प्रीसेट’ रेंचमध्ये आकडा आधीच पक्का केलेला असतो, त्यामुळे काम करताना तो चुकून बदलत नाही. तेवढा जोर लागला की ‘कट्’ असा आवाज येतो. तिथेच थांबायचं.

रायफलीवरच्या दुर्बिणीच्या बारीक स्क्रूंना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात. अनेक जड ट्रकच्या नटांना 600 च्या आसपास लागतात. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत पाहा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. आट्यांना मनाने तेल लावू नका. तेलामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. चाक बदलल्यावर साधारण 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आणि रेंचही वर्षातून एकदा तपासून घ्या.