वाहनतळाचें पाणी आणि आपली विहीर

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. त्यामुळें पावसाच्या थेंबाचें मोल येथील मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं. पाणी अडविण्याचा व जिरविण्याचा जो धडा राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गांवांनीं घालून दिला, तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु जिरवावयाचें पाणी कोणत्या जागेवरून वाहत आलें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

शिर्डी व शनिशिंगणापूर येथें यात्रेकरूंचीं असंख्य वाहनें उभीं राहतात. शहरांतील बाजार, दवाखाने व कार्यालयें यांच्या आवारांतही तोच प्रकार. या वाहनांतून इंजिनाचें तेल ठिबकतें. टायरांच्या झिजेंतून जस्तयुक्त रबराची आणि ब्रेकांच्या झिजेंतून तांब्याची बारीक पूड पडते. हा मळ उन्हाळाभर सांचतो व मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वाहूं लागतो. म्हणून पहिलें पाणी बहुधा सर्वांत घाण असतें. हा मळ किती घातक ठरूं शकतो, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत मिळतें. तेथें शहरांजवळील ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडतांच मरत. टायर टिकावेत म्हणून रबरांत घातलेल्या एका द्रव्यापासून बनणारें विष त्याचें कारण होय, असें २०२० सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या पक्क्या वाहनतळावर २५ मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारें २५,००० लिटर पाणी वाहील. एवढें पाणी पाहून तें सरळ कूपनलिकेंत सोडण्याचा मोह होतो. तो अवश्य टाळावा. आपल्याकडील काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी फारसें न गाळतां दूरवर जातें, आणि खडकांत शिरलेलें तेल बाहेर काढणें अत्यंत कठीण असतें.

मग उपाय कोणता? प्रथम पाणी एका गाळखड्ड्यांत घ्यावें. जड गाळ तळाशीं बसतो व हलकें तेल वर तरंगतें. बाहेर जाणाऱ्या नळाचें तोंड पाण्याखालीं बुडलेलें ठेवलें, म्हणजे तेल मागें राहतें. तेथून पाणी गवत लावलेल्या उथळ चरांतून एका खोलगट वाफ्यांत न्यावें. वाफ्यांत वाळूमिश्रित मातीचा दोन ते तीन फूट थर, त्याखालीं खडी आणि खडींत छिद्रें पाडलेला नळ असावा. धातूंचे कण मातीस चिकटतात व उरलेलें तेल मातींतील जंतु हळूहळू कुजवितात. निव्वळ काळी माती भिजल्यावर फुगते व पाणी उतरूं देत नाहीं. म्हणून ती वापरूं नये. दोन दिवसांत पाणी न उतरल्यास डांस होतील. अशा वाफ्यांचा प्रसार अमेरिकेंतील मेरीलंड राज्यांतून १९९० नंतर झाला.

अशा रीतीनें निघालेलें पाणी ओढ्यास किंवा सीना नदीस पुष्कळ कमी अपाय करील. तथापि तें पिण्याजोगें होत नाहीं. विहिरीसाठीं छपरावरील पाणी निराळें घेऊन, तें गाळून सोडावें. प्रतिवर्षीं मृगापूर्वीं खड्डा उपसावा. त्यांतील तेलकट गाळ शेतांत टाकूं नये.

विद्यार्थिमित्रहो, घरची मोटारसायकल जेथें उभी असते, तेथील जमीन आज पाहा. काळा डाग दिसल्यास वडिलांस सांगून गळती बंद करवा, आणि जुनें तेल गटारांत ओतूं देऊं नका. घाण पाण्यांत मिसळल्यावर ती काढण्यापेक्षां ती मिसळूंच न देणें केव्हांही सोपें होय.