किरणोपचारानंतर मेंदूतील डाग : निदानातील एक पेच

डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार हा प्रभावी उपाय आहे. मात्र, बरा झालेला एखादा रुग्ण काही वर्षांनी डोकेदुखी, विसराळूपणा किंवा झटके येऊ लागल्याने पुन्हा रुग्णालयात येतो. चित्रणात मेंदूमध्ये डाग दिसतो आणि कर्करोग मेंदूत पसरला, असे समजून कुटुंब हताश होते. तथापि हा डाग किरणांमुळे निर्जीव झालेल्या मेंदूच्या ऊतींचाही असू शकतो.

असे का घडते?

नाकामागील पोकळीचा कर्करोग दक्षिण चीन, हाँगकाँग व आग्नेय आशियात अधिक आढळतो. भारतात त्याचे प्रमाण नागालँडमध्ये लक्षणीय आहे. ही पोकळी कवटीच्या तळाशी असून मेंदूचे कानशिलाकडील खंड तिच्या जवळच असतात. सुमारे ७० ग्रे इतकी एकूण मात्रा ३३ ते ३५ हप्त्यांत देताना काही किरणे या खंडांतही जातात. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होतात, सूज येते आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी ऊती मृत होतात. एका वेळची मात्रा मोठी असल्यास धोका वाढतो, असे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. किरणे नेमकी केंद्रित करणाऱ्या आधुनिक पद्धतींमुळे हा धोका घटला आहे. पण तो संपलेला नाही.

निदान व उपचार

एम.आर.आय. चित्रणात मृत ऊती व गाठ या दोहोंभोवती सारखेच चकाकते कडे दिसू शकते. म्हणून डागातील रक्तप्रवाह व रासायनिक घटक तपासतात, काही काळाने पुन्हा चित्रण करतात आणि क्वचित तुकडा काढूनही पाहतात. डाग पूर्वीच्या किरणांच्या मार्गातच आहे काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो. इजेला गाठ समजून पुन्हा किरणे दिल्यास हानी वाढते. गाठीला इजा समजल्यास मोलाचा काळ वाया जातो. इजा असल्यास स्टेरॉइडने सूज उतरते. बेव्हासिझुमॅब हे औषधही अनेकांना उपयोगी पडते. काहींना मात्र शस्त्रक्रिया करावी लागते.

कागद जपावेत

महाराष्ट्रात तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या उपचारात मेंदू बहुधा किरणांच्या कक्षेबाहेर राहतो; तरीही किरणोपचाराची नोंद प्रत्येक रुग्णाने जपणे हितावह आहे. किरणे शरीराच्या कोणत्या भागावर, किती मात्रेत, किती हप्त्यांत व केव्हा दिली, हे त्या कागदावर असते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील अशा कुटुंबांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : हा कागद आयुष्यभर सांभाळावा, आणि मेंदूत डाग दिसताच आशा सोडू नये.