विक्रीची भट्टी लाकडावर : आधी कागद, मग वीट

माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आणि सोनापीर दर्ग्याच्या जियारतीला येणाऱ्यांची वर्दळ असते. ती पाहून घरामागे लाकडाची भट्टी बांधावी, पाव, खारी, टोस्ट काढून विकावे, असा विचार काही तरुण करतात. धंदा चांगला आहे. मात्र भांडवल विटांत घातल्यावर परवानगी अडली, तर त्या विटा कोणी परत घेत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी; ठाण न खपले तर कमी भावात तरी निघते, भट्टीचे तसे नाही. म्हणून ही माहिती.

घरच्या स्वयंपाकाच्या चुलीला आपल्याकडे कोणाची परवानगी लागत नाही. इंग्लंडमध्ये घरात लाकडाची शेगडी बसवायची तरी इमारतीच्या नियमांप्रमाणे मंजुरी किंवा नोंदणीकृत कारागिराचा दाखला लागतो. लंडनमध्ये १९५२ साली धुराने हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. आपल्याकडे कागदांचा प्रश्न येतो तो विक्रीसाठी भट्टी पेटवली की.

पहिला प्रश्न जागेचा. राहत्या वस्तीत भट्टी चालेल काय, शेड व धुराड्याला बांधकाम परवानगी कशी मिळेल, हे नगर पंचायतीत लेखी विचारावे. शेजाऱ्याच्या खिडकीत धूर जाणार असेल तर तक्रार येणारच. धुराड्याची जागा व उंची आधीच ठरवावी.

दुसरा प्रश्न धुराचा. हवा प्रदूषण कायदा, १९८१ च्या कलम २१ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असते. एक उभारणीपूर्वी, दुसरी चालविण्यापूर्वी. आपली भट्टी कोणत्या वर्गात बसते हे उत्पादन आणि इंधनावरून ठरते. आपल्या भागासाठी मंडळाचे कार्यालय नांदेडला आहे. अर्जाची पोच जपून ठेवावी. संमती नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतात व तीस दिवसांत अपील करता येते.

तिसरा प्रश्न लाकडाचा. भोवती जंगल आहे म्हणून लाकूड फुकट, हा हिशोब चुकीचा. वनातील तोड हा गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातील साग, आंबा, चिंच, मोह तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. लाकूड पावतीनिशीच घ्यावे. याशिवाय अन्न सुरक्षा कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना वेगळा.

आता मुंबईची गोष्ट. तेथील बेकऱ्यांत लाकडाच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले आणि नवीन परवानगी त्याच अटीवर द्यावी, असा आदेश दिला. हा आदेश मुंबईपुरता आहे, माहूरला लागू नाही. परंतु जुन्या, नामांकित बेकऱ्यांनाही भट्टी बदलण्याचा खर्च सोसावा लागतो, हे नव्या माणसाने ध्यानात घ्यावे.

म्हणून आमचा सल्ला असा की, कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी गॅस, वीज आणि लाकूड या तिन्हींचा खर्च मांडावा. लाकडाच्या रकान्यात धुराडे, संमतीची फी आणि पुढे इंधन बदलावे लागल्यास येणारा खर्चही धरावा. त्यानंतरही लाकूडच परवडत असेल तर उभारणीची संमती हातात घेऊनच गवंड्याला बोलवावे.